सापडलात, मामा

हणमंतराव माझ्याशी बोलताना माझ्याकडे पाहत नाहीत, आमच्या फ्रिजकडे पाहतात. फ्रिजचं दार काळ्या काचेचं आहे. त्यात मी दिसते, आणि त्यांचं सगळं बोलणं त्या दारातल्या बाईशी चालतं. पहिल्यांदा ते घरी आले तेव्हा माझ्या नवऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला भूक लागली असावी. त्यानं उठून फ्रिज उघडला आणि काय देऊ म्हणून विचारलं. हणमंतराव वाक्याच्या मध्येच थांबले. दार बंद होईपर्यंत पुढचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

यात वेडेपणा काही नाही, धंद्याची शिस्त आहे. हणमंतराव लेडीज टेलर. शिवण शिकत होते तेव्हाच वडिलांनी बजावून ठेवलेलं, की परक्या बाईच्या तोंडाकडे बघून बोलायचं नाही, कन्नडीत बघून बोलायचं. कन्नडी म्हणजे आरसा. त्यांचं घराणं म्हैसूरला कधी आलं ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कन्नड असं मुरलंय की कुठला शब्द कुठला हे सोडवत बसायला माणूस रिकामा हवा. मी जळगावची. नवऱ्याच्या बदलीनं इथे आले आणि कुवेंपुनगरात राहिले. सुरुवातीला मला हणमंतरावांच्या मराठीपेक्षा भाजीवाल्याचं कन्नड बरं कळायचं.

त्यांच्या दुकानात भिंतभर आरसा होता, सागवानी चौकटीचा. ब्लाउज घालून त्यापुढे उभं राहायचं. हणमंतराव मागे, दातांत टाचण्या धरलेल्या, आणि आरशातल्या आपल्याला विचारायचे, "खांद्याला स्वल्प सोडू का, अक्का?" मी त्यांच्याहून बरीच लहान, तरी अक्काच. मग टाचण्या लावून झाल्या आणि आपण स्वतःला न्याहाळायला लागलो, की हणमंतराव आरशातून नाहीसे व्हायचे. वळून पाहावं तर तिथेच उभे, फार तर एक पाऊल बाजूला. मी एकदा विचारलं, दरवेळी असे गायब का होता? तर म्हणाले, शेवटचं बघणं गिऱ्हाईकाचं. त्यात टेलर दिसला तर ब्लाउज कितीबी चांगला होऊ दे, बाईचं मन भरत नाही.

ब्लाउज मात्र ते दरवेळी अर्धा इंच सैल शिवायचे. मी तक्रार केली की आरशातल्या मला समजावायचे, "माणूस वाढतंय, अक्का." आणि मी खरंच वाढले, त्यामुळे भांडायला जागा उरली नाही.

पुढे दुकानाची इमारत पाडली. हणमंतरावांनी मशीन विकलं, आरसा घरी आणला. घर म्हणजे आमच्या समोरच, गल्लीच्या पलीकडे तळमजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. आरशानं खोलीची एक भिंत खाल्ली. समोर दोन खुर्च्या, दोन्ही आरशाकडे तोंड करून. पाहुण्यानं एकीत बसायचं, हणमंतराव दुसरीत, आणि बसमधल्या सहप्रवाशांसारखं समोर बघत गप्पा मारायच्या. कॉफी चांगली करतात, म्हणून मी जाते. सवय झाली की विचित्र वाटत नाही. उलट आपला पदर नीट आहे की नाही ते बोलता बोलता कळतं.

बहिणींची लग्नं त्यांनी लावून दिली, स्वतःचं केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर 'सुम्ने' म्हणाले असते. सुम्ने म्हणजे उगीच, सहज, काही कारण नाही. हणमंतरावांच्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी सुम्ने झालेल्या आहेत. दुकानाला पाटी का नव्हती? सुम्ने. चहा का सोडला? सुम्ने. सगळ्यात धाकटी बहीण सरगूरला दिली होती, ती गेली, तेव्हा परत येऊन पुष्कळ दिवस बाहेर पडले नाहीत. मी विचारायला गेले तर आरशात बघून म्हणाले, सुम्ने बसलोय.

तिच्या मुलाचं सरगूरला कापडाचं दुकान आहे. तो मामाला आपला जुना फोन देऊन गेला, म्हणजे बोलता येईल. बोलणं काय झालं असेल ते असो, पण त्या फोनला कॅमेरा होता, आणि इथून पुढे आमच्या मराठी मंडळाची शांतता संपली.

मंडळाच्या ग्रुपवर आम्ही सगळे आहोत. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त आलेले आमच्यासारखे जास्त, आणि हणमंतरावांसारखी जुनी घरं थोडी. एका सकाळी ग्रुपवर एक फोटो आला. स्टीलचा तांब्या, त्याच्या पोटात वाकडीतिकडी झालेली खिडकी, कॅलेंडर, दोरीवरचा टॉवेल. खाली लिहिलेलं: 'मी कोठं हाय? हुडका.' बघितलं तर टॉवेलाशेजारी, पोट पुढे आणि डोकं सुपारीएवढं, हणमंतराव उभे होते.

लोकांना मजा वाटली. 'सापडलात, मामा' म्हणून पाचसहा जणांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुधाच्या पातेल्याचं झाकण आलं. मग रिक्षाचा आरसा, पितळी घंटा, नळाची तोटी. गाईच्या डोळ्यात सबंध गल्ली आली आणि मधोमध मोहरीएवढे हणमंतराव. त्या फोटोपायी गाईनं त्यांचा पंचा खाल्ला. मंडळाची टी. नरसीपूरला सहल गेली तेव्हा सगळ्यांनी संगमावर उभं राहून स्वतःचे फोटो काढले. हणमंतरावांनी आमच्या कुलकर्ण्यांच्या डोक्याचा काढला. कुलकर्णी मंडळाचे सचिव, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, आणि डोक्यावर केस नाहीत. नुकतेच पाण्यातून बाहेर आले होते. त्या ओल्या टकलावर आभाळ, नारळाची झाडं आणि त्यांच्यावर झुकलेले हणमंतराव, सगळं स्वच्छ उमटलं होतं. हुडका.

कुलकर्ण्यांनी मला फोन केला. ग्रुप मी चालवते. त्यांचं म्हणणं, ग्रुप सूचनांसाठी आहे. मी म्हटलं, सूचना वर्षातून चार येतात, तेवढ्यासाठी लोक ग्रुप बघत नाहीत. मामांचा फोटो बघायला येतात आणि जाता जाता तुमची सूचना वाचतात. हे त्यांना पटलं. टक्कल मात्र त्यांनी काढून टाकायला लावलं.

एकदा एका सोन्याच्या दुकानाच्या रखवालदारानं हणमंतरावांना धरून ठेवलं. दुकानाच्या काचेचा फोटो आतल्या दागिन्यांसाठी काढला नाही, काचेत दिसणाऱ्या समोरच्या शेंगदाणेवाल्यासाठी काढला, हे रखवालदाराला समजावून घ्यायचं नव्हतं. मला फोन आला तेव्हा मी कारखान्यात होते. एका उदबत्तीच्या कारखान्यात खरेदीचं काम बघते. स्कूटर काढून गेले, रखवालदाराला त्याच्या भाषेत काय सांगायचं ते सांगितलं. तो म्हणाला, बाई, मी एवढंच विचारलं की फोटो का काढला, तर हे म्हणतात सुम्ने. आता सुम्ने असं कोणी काही करतं का? त्याचंही बरोबरच होतं. हणमंतराव हे सगळं ऐकताना काचेतल्या शेंगदाणेवाल्याकडे बघत उभे होते.

हे असं वर्षभर चाललं. रोज कॉफीच्या वेळेला फोटो, खाली 'हुडका', त्याखाली रांगेनं 'सापडलात', 'सापडलात मामा', 'पहिल्याच झटक्यात', आणि अंगठे. मी अंगठे देत नाही. ज्याचं पुढे काही करायचं नसतं त्याची पोच कशाला द्यायची, असा माझा हिशेब. वरवर बघायची आणि डबा भरायला लागायची.

दिवाळीच्या फराळाला मंडळ एका रविवारी सकाळी हॉलमध्ये जमतं. या वेळी कुलकर्ण्यांनीच सुचवलं, की मामांचे फोटो मोठे छापून भिंतीवर लावू, मुलांना हुडकायला लावू, जो सगळे हुडकेल त्याला बक्षीस. टकलाचा राग गेला होता म्हणायचा. फोटो निवडायचे आणि कोणत्या फोटोत मामा कुठे आहेत याची उत्तरं तयार ठेवायची, हे काम माझ्याकडे आलं. अशी कामं माझ्याकडेच येतात.

सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप उघडून बसले. ताजे फोटो आधी घेतले. पहिला होता रस्त्यावरच्या डबक्याचा; त्यात विजेची तार, तारेवर कावळा, एका दुकानाची उलटी पाटी. हणमंतराव मिळेनात. पुढचा घेतला. बँकेचं काचेचं दार, त्यात रांगेतली माणसं, कुत्रं. नाही. नारळवाल्याचा कोयता. नाही. फोटो मोठा केला, उजेड वाढवला, कोपरे तपासले. खाली मात्र लोकांचं नेहमीचं चाललं होतं. कुलकर्ण्यांनी लिहिलं होतं, 'सोपा होता मामा, अवघड द्या.' कोणी तर जागाही सांगितली होती, डावीकडे खाली. डावीकडे खाली कुत्रं होतं.

मला वाटलं, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना डोळे तपासून घेतले. नंबर तोच. घरी येऊन परत बसले, या वेळी जुन्यापासून. तांब्यात आहेत. झाकणात आहेत. घंटेत आहेत, घंटेएवढेच रुंद. उन्हाळ्यापर्यंत सगळीकडे आहेत. उन्हाळ्यानंतर एकाही फोटोत नाहीत. आणखी एक लक्षात आलं. उन्हाळ्यानंतर तांबे, चमचे, घंटा, असल्या गोल वस्तू फोटोंतून गेल्या होत्या. राहिल्या त्या सपाट गोष्टी: काच, पाणी, पत्रा.

शनिवारी दुपारी फोटोंच्या प्रती घेऊन समोर गेले. हणमंतरावांनी कॉफी दिली. आम्ही शेजारी शेजारी बसलो, आरशाकडे तोंड करून. मी डबक्याचा फोटो आरशापुढे धरला.

"यात तुम्ही कुठे आहात? मला उत्तरं लिहायची आहेत."

आरशातले हणमंतराव पुढे वाकले. "ह्यात मी नाही."

"आणि हा बँकेचा?"

"ह्यातबी नाही." मग त्यांनी पेला खाली ठेवला. "उन्हाळ्यानंतरचे सगळे बाजूला ठेवा, अक्का. कशातच नाही मी."

कोणी सांगत असलं की मध्ये बोलायचं नाही, हे कारखान्यात शिकले.

त्यांनी सांगितलं ते असं. उन्हाळ्यात एके सकाळी ते इडलीच्या हॉटेलात गेले होते. तिथल्या स्टीलच्या टेबलात पंखा आणि शिंक्यातली केळी फार छान दिसत होती. गडबडीत फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. टाकल्यावर बघितलं तर आपण त्यात नाहीच. कोन चुकला होता. त्यांना वाटलं, आता कोणी तरी विचारणार, मामा, तुम्ही कुठं? त्याला काय उत्तर द्यायचं तेही त्यांनी ठरवलं. इडली गार होईपर्यंत फोन हातात धरून बसले.

"मग?"

"मग काय. सगळ्यांस्नी सापडलो." ते आरशात हसले. "नव्हतोच, अन् सापडलो. दुसऱ्या दिवशी म्हटलं बघू तर, म्हणून बाजूला सरलो. तरीबी सापडलो. मग रोजच सरलो. गोल भांड्यात ते जमत नाही. तांब्या बघेल त्याला दाखवतोच. सपाट असलं की जमतं. टेलरला काय, येतंच ते."

"पण का?"

उत्तर मला माहीत होतं. "सुम्ने," ते म्हणाले.

मी म्हटलं, तेव्हाच सांगायचं होतं ग्रुपवर. चांगली खोड मोडली असती सगळ्यांची.

हणमंतरावांनी मान हलवली. "बेड, अक्का, नको. चांगली माणसं हायत. सकाळी उठून आठवणीनं लिहितात. त्यांस्नी खोटं पाडलं तर उद्यापासनं तेबी कोण लिहिणार नाही." मग म्हणाले, "एवढं करा. भिंतीवर जुनेच लावा. पोरं खरंखुरं हुडकतात. पोरांस्नी सापडलो नाही, तर मोठ्यांची तोंडं कशी होतील?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी हॉलभर खोटारडे पकडायच्या तयारीनं गेले होते, आणि ज्याला फसवलं तो त्यांची अब्रू सांभाळत बसला होता. मी म्हटलं, जुनेच लावते, कुलकर्ण्यांना सांगते नवे छापायला स्वच्छ येत नाहीत. प्रती गोळा केल्या आणि उठले.

"तुम्हास्नी कसं कळलं?" त्यांनी मागून विचारलं.

"शोधलं, म्हणून कळलं. सापडेनात तेव्हा डोळे तपासून आले."

"माझ्यासाठी?"

"उत्तरं लिहायची होती," मी म्हटलं. ते खरंही होतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हणमंतराव उठून माझ्याकडे वळले होते. आरशातल्या माझ्याकडे नाही, माझ्याकडे. इतक्या वर्षांत मी त्यांना असं समोरून पाहिलं नव्हतं. त्यांच्या गालावर एक तीळ आहे, तो डाव्या गालावर आहे असं मी धरून चालले होते. तो उजव्या गालावर होता. डोळे कडेनं पाणावल्यासारखे होते, पण त्या वयात ते असतातच.

तेही माझ्या तोंडाकडे निरखून बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चमकी ह्या बाजूला होय तुमची?"

"पहिल्यापासून."

"मला उजवीकडे वाटायची," ते म्हणाले, आणि लगेच वळून आरशातल्या मला विचारलं, आणखी थोडी कॉफी घेणार का.

फराळ चांगला झाला. मुलांनी भिंतीवरचे सगळे फोटो हातोहात सोडवले. घंटेसमोर तर एक चिमुरडी पोट पुढे काढून हणमंतरावांसारखी उभीच राहिली. कुलकर्णी सगळ्यांना सांगत होते, मी तर रोज पहिल्या झटक्यात ओळखतो. हणमंतराव हॉलच्या काचेच्या दाराजवळ उभे राहून दारात दिसणाऱ्या मुलांकडे बघत होते. कोणी जवळ जाऊन बोललं की दारातल्या माणसाला उत्तर देत होते.

त्यानंतर मी रोज शोधते. सकाळी कॉफी घेऊन गच्चीत उभी राहते, चष्मा कपाळावर सारते, फोन नाकाला लावते. जवळचं मला तसंच दिसतं. ग्रुपवर काही लिहीत नाही, त्यांना वेगळं कळवते. 'नाही.' कधी 'नाही' दोन दिवस, तीन दिवस. मग एका सकाळी आमटीचा डाव आला. मी लिहिलं, 'डावात. उलटे.' त्यांचं उत्तर आलं, 'हौदु.' म्हणजे होय. आमच्यात एवढंच बोलणं होतं. याला मैत्री म्हणतात की नाही मला माहीत नाही. मला निघायला तीन मिनिटं उशीर होतो, तो मी कामावर भरून काढते.

परवा फोटो उशिरा आला, तोवर मी गच्चीत आदल्या दिवशीचाच परत तपासत होते. हा स्कूटरच्या आरशाचा होता. खाली नेहमीचं 'हुडका', आणि त्याखाली आठदहा जणांना मामा सापडलेले. आरशात एक घर होतं, पहिल्या मजल्यावर गच्ची, दोरीवर निळी चादर. चादर माझी होती. चादरीशेजारी एक ठेंगणी बाई कपाळावर चष्मा सारून फोनमध्ये नाक खुपसून उभी होती. तोंड इतकं गंभीर, जणू एखादी लहान वस्तू हरवली आहे आणि ती सापडल्याशिवाय घरातलं काही चालणार नाही.

मी तरीही नेटानं शोधलं. खिडक्यांत बघितलं, जिन्यात बघितलं. मग लिहिलं, 'नाही.'

उत्तर आलं, 'हौदु. तुम्ही हाय.'

उशीर झालाच होता. खाली आले, स्कूटरवर बसले. उजवा आरसा कोणी तरी वर फिरवून ठेवला होता, त्यात माझीच रिकामी गच्ची दिसत होती. असा आरसा घेऊन रस्त्यावर जाता येत नाही. मी तो सरळ करायला लागले. चादर गेली, विजेची तार गेली, गल्ली आली, आणि शेवटी त्यात समोरच्या घराचं दार आलं. दारात हणमंतराव उभे होते. मी बघते आहे हे त्यांना दिसलं असणार, कारण ते सवयीनं एक पाऊल बाजूला सरले. मग थांबले, आणि परत आरशात आले.

मी मागे वळले नाही. आरशातच हात केला.